पुसदकरांची फरशी

नरहर पुसदकर हे गृहस्थ मला कधीच आवडले नाहीत. हे आधीच सांगून टाकते, कारण रायपूरच्या मराठी माणसांत आता त्यांच्याविषयी बोलताना आवाज हळवा करायची पद्धत पडली आहे. असा निःस्वार्थी माणूस पुन्हा होणे नाही, वगैरे. असं म्हणणाऱ्यांपैकी निम्म्यांनी त्यांच्या फरशीवर बूट घालून गुलाबजाम खाल्ले आहेत. त्या संध्याकाळी मीही तिथेच होते, आणि माझं काम गुलाबजाम खाण्यापेक्षा वाईट होतं.

फरशी म्हणजे स्केटिंग रिंकची. पुरानी बस्तीच्या टोकाला आमच्या स्नेहवर्धक मंडळाची जागा आहे. पुढे सभागृह, मागे मैदान, आणि मैदानात ऐंशी फूट लांब, चाळीस फूट रुंद असा गुळगुळीत मोझॅकचा चौक, भोवती लोखंडी पाइपांचा कठडा. १९७४ साली गंगाधरपंत नावाचे रेल्वेचे एक इंजिनियर इथे बदलून आले. खरगपूरला त्यांनी कुठल्याशा क्लबात रिंक पाहिली होती आणि मराठी मुलांनी चाकांवर धावलं पाहिजे असं त्यांच्या मनानं घेतलं. फरशी झाली, कलकत्त्याहून बारा जोड स्केट आले, आणि सहा महिन्यांत गंगाधरपंतांची बदली झाली. "आता हे कोण बघणार?" असं सभेत विचारल्याबरोबर सगळे उठून आपापल्या चपला शोधू लागले. पार्सल ऑफिसातला एक तिशीचा कारकून उठायला उशीर करून बसला. ते पुसदकर.

त्यांना स्केटिंग येत नव्हतं. शेवटपर्यंत आलं नाही. बत्तीस वर्षांत त्यांनी एकदाही पायात स्केट चढवले नाहीत. गंगाधरपंतांनी मागे ठेवलेल्या एका पातळ इंग्रजी पुस्तिकेतली चित्रं पाहून ते आम्हाला शिकवायचे. चौकाच्या मधोमध अनवाणी उभे, तोंडात शिट्टी, हातात पुस्तिका. त्या वेळचे स्केट बुटावर बसवून चावीनं आवळावे लागत. ती चावी त्यांनी जानव्याला बांधली होती. कुणाचं चाक सैल झालं की सदऱ्यात हात घालून ते ती बाहेर काढत आणि त्या पोराच्या पायाशी वाकत, तेव्हा चावीबरोबर जानवंही ताणलं जाई. तरी सगळे त्यांना 'सर' म्हणायचे. रायपुरात तेव्हा गळ्यात शिट्टी असली की माणूस सर होत असे.

मी नऊ वर्षांची असताना तिथे जाऊ लागले. पहिला महिना स्केटला हात लावायचा नाही, हा त्यांचा नियम. फरशी पुसायची आणि पडायला शिकायचं. गुडघे वाकवून, कुशीवर, हात आत घेऊन. तीस दिवस आम्ही शहाणीसुरती मुलं एका कारकुनाच्या शिट्टीवर धपाधप पडत होतो आणि आमचे आईबाप कठड्याबाहेर उभे राहून कौतुकानं बघत होते. माझ्या आईला तर मी अगदी छान पडते असं वाटायचं.

आणि ती फरशी. रोज पहाटे पाचला हे गृहस्थ हजर. लाकडाच्या भुशावर रॉकेल शिंपडायचं, तो भुसा फरशीभर पसरायचा, झाडून काढायचा, मग ओल्या फडक्यानं पुसायचं. चप्पल घालून कुणी पाऊल टाकायचं नाही, मंडळाच्या अध्यक्षांनीसुद्धा. गणपतीचा मांडव त्यांच्यामुळे दरवर्षी बाहेर गल्लीत, नालीच्या काठाला पडायचा. १९८१ साली कार्यकारिणीनं ठराव करून मांडव रिंकवर घालायचं ठरवलं, तेव्हा पुसदकर फरशीवर आडवे झाले. दुपारपर्यंत उन्हात तसेच पडून राहिले. शेवटी बांबूवाले कंटाळून परत गेले. गणपतीपेक्षा फरशी मोठी मानणारा हा माणूस आहे, असं माझे वडील म्हणाले होते आणि मला ते पटलं होतं.

पटायला माझ्याजवळ माझं स्वतःचं कारण होतं. त्याच्या दोन वर्षं आधी, अकरा वर्षांची असताना, वळणावर माझं चाक अडखळलं आणि मी तोंडावर आपटले. पुढचा दात अर्धा तुटला, फ्रॉक रक्तानं भरला. शिकवलेलं पडणं ऐन वेळी काही उपयोगी आलं नाही. पुसदकर धावत आले, आणि माझ्याकडे न बघता फरशीवर बसले. तळहात फिरवून फिरवून फरशी चाचपत राहिले. मी रडते आहे, आणि हे फरशी कुरवाळताहेत. बऱ्याच वेळानं मान वर करून म्हणाले, "रडू नको पोट्टी, दात दुसरा येते."

दुसरा आला नाही. अकराव्या वर्षी तुटलेला पुढचा दात दुसरा येत नसतो, एवढंही त्यांना माहीत नव्हतं. मी पुढे दातांची डॉक्टर झाले आणि समता कॉलनीत दवाखाना काढला. लोक विचारतात, हेच का निवडलंत? मी काहीतरी बरंसं सांगते. खरं कारण तो माणूस फरशी चाचपत बसला होता, हे आहे.

तरी मी जात राहिले. जबलपूरच्या एका स्पर्धेत मी तिसरी आले. स्पर्धेत चौघीच होत्या, हे पुसदकरांनी कुणाला कळू दिलं नाही आणि मीही सांगितलं नाही. रिंकच्या साऱ्या इतिहासात मिळालेलं ते एकमेव पदक.

मग नोव्हेंबर २००० मध्ये छत्तीसगड वेगळं झालं आणि रायपूर राजधानी झालं. गाव होतं तसंच होतं, पण माणसं एकदम फुगली. कोपऱ्यावरचा पानठेला 'राजधानी पान महल' झाला, न्हाव्यानं 'कॅपिटल' अशी पाटी लावली. ज्याच्या त्याच्या ओळखीचा एक उपसचिव असू लागला. गावाबाहेर सिलतऱ्याचे लोखंडाचे कारखाने वाढले आणि सकाळी गच्चीवर, तुळशीवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर काळी पूड दिसू लागली. आम्ही तिला प्रगती म्हणायला शिकलो. पुसदकर तेव्हा निवृत्तीला आले होते. ते तिला घाण म्हणायचे आणि फरशी दिवसातून दोनदा पुसायचे. मुलंही कमी होत गेली होती. उरलेल्या वीसेक मुलांना मराठी समजायचं, बोलायची ती हिंदीत. "सर, मेरा व्हील लूज है." सर सदऱ्यात हात घालायचे.

याच सुमाराला चारुदत्त वैरागडे मंडळाचे अध्यक्ष झाले. धंद्यानं बिल्डर. आपले पूर्वज नागपूरकर भोसल्यांच्या सुभेदाराबरोबर इथे आले, हे ते प्रत्येक भाषणात सांगतात. बरोबर आले म्हणजे बहुधा सामान उचलून आले असतील. त्यांना सभागृहाचं वातानुकूलित मंगल कार्यालय करायचं होतं. राजधानीत लग्नाला माणसं मोटारीनं येणार, आणि मोटारी उभ्या करायला जागा एकच, रिंकची.

पण मंडळाच्या घटनेत गंगाधरपंतांनी एक कलम घालून ठेवलं होतं. रिंक चालू आहे तोवर ती जागा दुसऱ्या कामाला घ्यायची तर सर्व सभासदांचं मतदान हवं. आणि रिंकप्रमुखाच्या लेखी परवानगीवाचून फरशी कुणी वापरायची नाही. २००६च्या जानेवारीत वैरागड्यांनी मतदानाची नोटीस काढली. पुसदकरांनी शंभर पानी वही घेतली, सायकलवर टांग टाकली आणि बासष्टाव्या वर्षी दारोदार फिरून रिंक राहावी म्हणून सह्या गोळा केल्या. दोनशे साठ सभासदांपैकी एकशे नव्वद. लोकांना रिंकविषयी प्रेम होतं असं मुळीच नाही. म्हातारा दारात उभा आहे, त्याला चहा देण्यापेक्षा सही देणं सोपं, एवढंच. मीही सही केली, पेशंट खुर्चीत असताना, एका हातानं.

वैरागड्यांनी मतदान रद्द केलं. आणि मार्चमध्ये जाहीर केलं की रिंकची बत्तीस वर्षं सेवा केल्याबद्दल श्री. नरहर पुसदकर यांचा भव्य नागरी सत्कार होणार आहे.

आता आपली माणसं सत्कार कशी करतात हे सांगायला नको. ज्याचं ऐकायचं नाही त्याला आपण शाल पांघरतो. मंडळात दर वर्षी चार सत्कार होत आणि पुसदकर दर वेळी तिसऱ्या रांगेत बसून मनापासून टाळ्या वाजवत. आपल्याले हे काही नको, असं ते येताजाता सांगायचे. ज्याला खरंच नको असतं तो ते इतक्या वेळा सांगत नाही. त्यामुळे वैरागडे त्यांच्या घरी पेढे घेऊन गेले आणि म्हणाले, "पुसदकरजी, सभागृहात नको, तुमच्या रिंकवरच करू. तुमची कर्मभूमी ती," तेव्हा तो माणूस पाघळला. "मांडव घालण्यास माझी हरकत नाही" असं स्वतःच्या अक्षरात लिहून दिलं. फक्त तोंडी म्हणाले, बांबू वाळू भरलेल्या डब्यांत उभे करा, फरशीला लावू नका. वैरागडे हो हो म्हणाले. हो हो म्हणायला त्यांना कधीच अडचण पडत नाही.

मानपत्र लिहायला आणि वाचायला मला सांगितलं. पदकवाली विद्यार्थिनी, शिवाय डॉक्टर. मला यात काहीतरी काळंबेरं आहे हे दिसत होतं. पण मानपत्र लिहायला मिळतंय म्हटल्यावर मी चष्मा पुसून बसले. आठ दिवस खपले. ज्या माणसाला मी सत्तावीस वर्षं मनातल्या मनात शिव्या घातल्या, त्याच्यावर मी दीड पान सुंदर मराठी लिहिलं. त्यातलं एक वाक्य मला फार आवडलं होतं: 'या फरशीत त्यांनी बत्तीस वर्षांत एक खिळाही ठोकू दिला नाही.'

सत्कार रविवारी संध्याकाळी होता. सत्कारमूर्तींनी आधी मांडवात यायचं नाही, असं वैरागड्यांनी बजावलं. "नवरदेव कधी आधी मांडव बघतो का?" पुसदकर हसले आणि घरी थांबले. बत्तीस वर्षांत पहिल्यांदा ते पहाटे पाचला रिंकवर गेले नाहीत. न्हाव्याकडे गेले, मग नवा झब्बा शिंप्याकडून आणायला गेले.

मी माइक बघायला चार वाजता पोचले. मांडव उभा होता. लाल-पिवळा कपडा, झालरी, खुर्च्या. आणि प्रत्येक बांबूच्या बुडाशी फरशी फुटलेली. पहारीनं खड्डे पाडले होते. एकेका खड्ड्यातून चिरा दूरवर गेल्या होत्या. मी मोजले. बेचाळीस. तंबूवाल्याला विचारलं, हे काय केलंत? तो बिडी विझवून अदबीनं म्हणाला, "हव दीदी, गड्ढा बिना खंभा कइसे ठाढ़ होही?" खड्ड्यावाचून खांब उभा राहत नाही, हे त्याचं बरोबर होतं. त्याला डब्यांचं कुणी सांगितलंच नव्हतं. मी वैरागड्यांकडे गेले. ते हाराच्या टोपल्या बघत होते. "दीदी, फंक्शन होऊन जाऊ द्या ना. नंतर सिमेंट भरून टाकू." त्यांनी हे मुद्दाम केलं की नुसत्या हलगर्जीपणानं, ते मला आजही ठरवता येत नाही. त्यांच्या अकलेवर माझा तेवढा विश्वास नाही.

मी खुर्चीत बसून मानपत्र काढलं. ते वाक्य समोर होतं. पर्समध्ये पेन होतं. एक रेघ मारली असती तर काम झालं असतं. पण वाक्य चांगलं होतं. त्याच्यावाचून पुढचा परिच्छेद लंगडा पडत होता.

सहा वाजता पुसदकर आले, पत्नी कमलाकाकूंना घेऊन. सगळा समाज बुटा-चपलांनी फरशीवर पसरला होता. ते कठड्याशी थांबले, चपला काढल्या, कडेला नीट जोडून ठेवल्या आणि अनवाणी आत आले. पाचव्या पावलाला थांबले. बांबूच्या बुडाशी पायाच्या अंगठ्यानं चाचपलं. मान वळवून दुसरा बांबू पाहिला, तिसरा पाहिला. वैरागड्यांनी त्यांच्या कोपराला धरून व्यासपीठावर नेलं.

शाल झाली, श्रीफळ झालं. प्रमुख पाहुणे म्हणून आणलेल्या उपसचिवांनी त्यांच्या क्रिकेटसेवेचा गौरव केला. मग मी उभी राहिले आणि स्वच्छ आवाजात मानपत्र वाचलं. 'एक खिळाही ठोकू दिला नाही' या वाक्यावर मोठी टाळी पडली. टाळी वाजवणाऱ्यांतले काही जण बांबूला टेकून उभे होते.

आता हा माणूस काहीतरी बोलेल असं मला वाटलं. एक्याऐंशीसारखा आडवा पडेल. मी वाट बघत होते, खोटं कशाला सांगू, मला तमाशा हवा होता. पुसदकर माइकपाशी आले, शाल खांद्यावरून घसरत होती ती सावरली आणि म्हणाले, "सर्वांचा आभारी आहे. सगळ्यांनी जेवून जावं." बस. गणपतीला ज्यानं जागा दिली नाही, त्यानं एका शालीसाठी दिली. मला त्यांची इतकी किळस आली की मी न जेवता घरी आले.

पुढचं चटकन झालं. फरशी निकामी झाली, दुरुस्ती शक्य नाही, म्हणून रिंक चालू नाही, म्हणून मतदानाची गरज नाही. कार्यकारिणीनं दहा मिनिटांत ठराव केला. कुणी कुरकुर केली तर वैरागडे पुसदकरांच्या अक्षरातली ती चिठ्ठी दाखवत. एकशे नव्वद सह्यांची वही कुणी उघडली नाही. सही करणाऱ्यांना बरंच वाटलं असणार, मतदानाला जायचं टळलं. महिन्याभरात चौकावर पांढरे पट्टे ओढले गेले आणि पहिल्या लग्नाच्या मोटारी उभ्या राहिल्या.

सत्कारानंतर दीड-दोन महिन्यांनी, एका दुपारी पुसदकर माझ्या दवाखान्यात आले. दात दाखवायला आले असतील म्हणून मी खुर्ची दाखवली. ते बाकावरच बसले. मांडीवर एक मोठं पुडकं होतं, शालीत गुंडाळलेलं. शाल सोडली. आत काच लावलेली मानपत्राची फ्रेम.

"एक ओळ काढायची आहे," ते म्हणाले आणि बोट ठेवलं. "हे आता खरं नाही राहिलं."

"सर, मानपत्र कुणी वाचत नाही."

"मी वाचतो. समोरच लटकून राहिलं आहे."

मला ओशाळं वाटायला लागलं आणि त्याचा राग आला. मी म्हणाले, "तुम्ही खड्डे बुजवून घ्यायचे होते. रिंक सुरू ठेवायची होती. भांडायचं होतं."

"बुजवून पाहिले. मीच सिमेंट कालवलं, आठ दिवस," ते म्हणाले. "कड राहते. चाक अटकते. तू पडली होती तेव्हा बोटभरच चीर होती फरशीत. मी हात फिरवला तेव्हा सापडली. ते तर बेचाळीस खड्डे होते. अजून कोणाचा दात पाडू?"

सत्तावीस वर्षं मी ज्याला कुरवाळणं म्हणत होते ते काय होतं, हे मला कळायला बराच वेळ लागला. बाहेरच्या पेशंटला मी थांबायला सांगितलं.

"तू माइकवर वाचून राहिली होती," पुसदकर म्हणाले, "तवा तुले खड्डे दिसले नव्हते काय?"

"दिसले होते. चार वाजल्यापासून."

"मलेही दिसले होते," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. "मी काहून चूप राहिलो ते मले माहीत आहे. माझ्या खांद्यावर शाल होती. तुझ्या खांद्यावर काय होतं?"

मी फ्रेमच्या मागचे खिळे चिमट्यानं काढले, कागद बाहेर घेतला आणि औषधाची चिठ्ठी लिहायच्या पेनानं त्या ओळीवर रेघ मारली. बाजूला सही केली. त्यांनी तारीख घालायला सांगितली, मी सत्काराच्या दिवसाची घातली. खोडलेलं वाक्य रेघेखालून वाचता येत होतं. पुसदकरांनी कागद डोळ्यांजवळ धरून ते पुन्हा एकदा वाचलं आणि म्हणाले, "आता बरोबर आहे."